घामाचे मोल

सातारा-सांगलीच्या शिवारात बांबू-तारेवर चढवलेले टोमॅटोचे मळे दिसले, की आमचे मन सुखावते आणि धास्तावतेही. रोपे, ठिबक, सुतळीची बांधणी, फवारणी हा खर्च आधी होतो. पहिला तोडा दोनेक महिन्यांनी, आणि भाव कळतो तो माल बाजारात उतरल्यावर. मध्येच करपा पडला तर तेही नाही.

२०२३ च्या जुलैत शहरात टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला. सरकारने स्वस्त विक्री मांडली, ऑगस्टमध्ये नेपाळहून मालही आला. सप्टेंबरात भाव कोसळला, तेव्हा उत्पादकाला हमीभावाचा आधार नव्हता. फळ टिकत नाही. विकावे तर तोडणी, वाहतूक, हमालीही सुटत नाही. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने लेकीची फी या पिकावर सोडली होती. अखेर दोन शेळ्या विकल्या. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ कथेतला बाप भरबाजारात आपलाच माल तुडवतो, ते दुःख जुने झालेले नाही.

वाचकहो, रोजची भाकर मागणारे आपण, ती पिकवणाऱ्याची चूलही पेटती राहो अशी प्रार्थना करू. आणि मंडईत त्याच्याशी घासाघीस करणार नाही, एवढे तरी ठरवू.