ती फळी फेकू नका!

मुळशीच्या तलावात टेरेडो जगूच शकत नाही! भेटेल त्याला सध्या मी एवढं एकच वाक्य ऐकवतेय. घरचे कंटाळलेत, शेजारच्या काकू "बरं बाई" म्हणत दार लावून घेतात, पण मला राहवतच नाही. या एका वाक्याने मुळशीत पालथी पडलेली एक जुनी होडी सह्याद्री उतरवून थेट समुद्रावर नेऊन पोचवली आहे.

नीट सांगते. होडी आहे तलावाच्या पलीकडच्या एका गावातल्या आजोबांची. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत ती वर्षानुवर्षं पालथी पडली होती. अंगाने सडपातळ, पुढची नाळ टोकदार, वर एकावर एक चढलेले रंगांचे थर. आजोबांच्या वडिलांच्या वेळेपासून ती घरात आहे. भाताची पोती, बाजाराला निघालेल्या बायका, आजारी माणसं, एकदा तर अख्खी वरात हिने पार नेली म्हणे. पुढे रस्ता झाला, एसटी आली आणि होडीचं काम संपलं. ती दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घालावी असं माझ्या मनात आलं. आजोबा म्हणाले, "घाला की, माझ्या देखत तरंगली तर बरंच." मग अलिबागकडचे एक सुतारकाका बोलावले. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस! त्यांनी तळाच्या फळ्यांवर बोटाने टकटक केली आणि खडूने भराभर फुल्या मारल्या. "ह्या गेल्या. आधी ह्या काढून टाकू."

नशीब, की नेमकं त्याच वेळी मी इंग्लंडच्या कालव्यांवरच्या अरुंद बोटींबद्दल वाचत होते. जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब अशा या कोळसा वाहणाऱ्या बोटी. राजाराण्यांच्या नव्हेत, मजुरांच्या. तरी त्यांची केवढी कागदपत्रं! प्रत्येक बोटीत वजनं भरून ती किती टनांना किती इंच बुडते याचा तक्ता करत, म्हणजे जकातवाल्याने नुसती काठी लावून मोजलं की माल किती ते कळावं. त्यात १८७७ चा कायदा आला. बोटीत कुटुंब राहत असेल तर नोंदणी करा, आणि कोठडीत किती माणसांनी झोपायचं तेही नोंदवा! त्यामुळे आज तिथे कुणी गंजका सांगाडा विकत घेतला, तर हातोडी उचलण्याआधी तो दप्तरं उघडतो. बोटीचं मूळ नाव, बांधणारा, मालक, कुठला माल वाहिला, सगळं शोधतो आणि मगच ठरवतो की काय ठेवायचं आणि काय काढायचं.

मी सुतारकाकांना फोन केला. "काका, थांबा. एकही फळी काढू नका." ते म्हणाले, "ताई, सडकं लाकूड आहे ते, सोनं नव्हे."

मग सुरू झाली माझी धावपळ! आपल्याकडेही होड्यांचा कायदा होता, ठाऊक आहे? मुंबई इलाख्याचा, १८६८ सालचा, तरी (म्हणजे नदीपार नेणाऱ्या होड्या) आणि अंतर्गत जलवाहतूक यांसाठी केलेला. सार्वजनिक तरी सरकारच्या, त्या मक्त्याने द्यायच्या, उतारूंचे दर ठरवून द्यायचे. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं, तीन जाडजूड भाग. ते घेऊन बसले की उठवत नाही. रस्ते, घाट, पूल, बाजार, पावसाळ्यात नद्या कशा अडवतात... मला हवी होती एक होडी आणि हाती लागला अख्खा जिल्हा.

पण मुळशीची गोष्ट वेगळी, कारण गॅझेटियरच्या वेळी इथे तलावच नव्हता! मुळा आणि नीला यांच्या संगमापाशी टाटांच्या धरणाचं काम सुरू झालं, त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पुढे होते विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट. 'जान किंवा जमीन' ही घोषणा इथलीच, आणि बापटांना 'सेनापती' हे नावही याच लढ्याने दिलं. राजेंद्र व्होरांचं या सत्याग्रहावरचं पुस्तक मी एका बैठकीत संपवलं. अशा लढ्यानंतरही धरण झालं, आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. नकाशा उघडून बघा, कमाल वाटेल! एरवी हे पाणी पूर्वेला, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं. धरणाने ते पश्चिमेला वळवलं. आता ते डोंगरातून भिऱ्याला उतरतं, चाकं फिरवतं, कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याच्या खाडीला जाऊन मिळतं. कोलाडला राफ्टिंगला गेलेले पुणेकर ज्या पाण्यात किंचाळतात ते पाणी मुळशीचं!

म्हणजे मुळशी तलावातली होडी फार तर १९२० च्या दशकातली, असं मी वहीत लिहून टाकलं. तलावच तेव्हाचा, तर होडी त्याआधीची कशी असेल?

आणि मग खरवडायला बसले. बारीक पात्याने, इंच इंच. वरचा निळा. त्याखाली हिरवा. त्याखाली डांबर. आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, पांढरट, खडबडीत, चुन्यासारखा थर. फोटो पाठवला, तर सुतारकाकांचा लगेच फोन. "चुना आणि चरबी. आमच्याकडे पूर्वी तळाला हेच फासायचे." कशासाठी? "किडा लागू नये म्हणून. खाऱ्या पाण्यातला."

खाऱ्या पाण्यातला! तो हा टेरेडो. नाव किडा, पण प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातला. डोक्याशी दोन इवल्या शिंपा, त्यांनी लाकूड कातत आत शिरतो. पिल्लू असताना शिरतो, म्हणून बाहेरचं भोक टाचणीएवढं, आणि आत वाढत गेल्यावर बोटाएवढे बोगदे. कोलंबसाची शेवटच्या सफरीतली जहाजं याने इतकी पोखरली की त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली. मुळशीच्या गोड्या पाण्यात या प्राण्याचा निभाव लागत नाही. मग इथल्या होडीला चुना कुणी आणि का फासला?

इथवर ते कोकणातल्या कारागिराचं नुसतं सवयीचं काम असू शकतं. इथेही तसंच बांधलं असेल त्याने. म्हणून मी त्या फुल्या मारलेल्या फळ्यांकडे वळले. एका फळीचं टोक आधीच सुटलं होतं. त्यात बोगदे होतेच. सुतारकाका फोनवर म्हणाले, भुंग्याचे असतील. पण भुंग्याच्या बोगद्यात भुसा असतो आणि टेरेडो आपल्या बोगद्याला आतून चुनखडीचं अस्तर लावत जातो. या बोगद्यांना आतून पांढरं, गुळगुळीत अस्तर होतं, अंड्याच्या कवचासारखं पातळ. आजोबांच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरातून लिंबू आणून दिलं. मी पिळलं. फेस आला! बारीक बुडबुड्यांचा, सुरसुरणारा फेस! मी ओरडले, कुत्रं भुंकायला लागलं, आजोबा काठी टेकत बाहेर आले.

ही होडी समुद्रात, निदान खाडीत तरी राहिलेली आहे. घाट चढून ती इथे नंतर आली. म्हणजे तलावाचं वय हिला लागूच नाही, ती तलावाहून म्हातारी असू शकते! सड्याच्या पायवाटेने की बैलगाडीने की ट्रकमधून, कोण जाणे, पण आली. आणि हे सगळं कळलं कुठल्या फळीवरून? जी सगळ्यात आधी फेकली जाणार होती तिच्यावरून. चांगल्या, टणक फळ्या काहीच बोलत नाहीत, साक्ष देते ती किडकी.

अजून एक आहे. आतल्या आडव्या बरगड्यांपैकी एक बाकीच्यांहून निराळी, जाड, काळपट, जुन्या सागाची. तिच्या मधोमध चौकोनी खाच, होडीत जिचा काहीही उपयोग नाही. घराच्या तुळईत खांबाचं टोक बसवायला पाडतात तशी. मी आजोबांना दाखवली. त्यांनी खाचेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "घराची असंल. खालच्या घराची लाकडं वडलांनी वर आणली होती, पाणी यायच्या आधी. सारवलेली जमीन तेवढी राहिली तिथं." ती खाच त्यांच्याच घरातली असं मी म्हणणार नाही. गावात तेव्हा लाकूड अनेकांनी वर आणलं असणार. पण होडीची दुरुस्ती इथेच झाली आणि घराच्या लाकडाने झाली, एवढं तर नक्की.

आता माझं आणि सुतारकाकांचं ठरलंय. पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या बदलाव्या लागतील, त्याला इलाज नाही, होडी बुडवून इतिहास जपता येत नाही. पण काढलेल्या प्रत्येक फळीवर क्रमांक पडेल, फोटो निघेल, तुकडा पडवीत राहील. खाच असलेली बरगडी जागेवरच राहणार. चुन्याचा हातभर तुकडा बिनखरवडलेला ठेवायचा. सांध्यांत कापूस ठोसून वर राळ आणि तेल, जुन्या पद्धतीने. इपॉक्सीचा डबा काकांनी आणलेला आहे, त्यावर अजून वाद चालू आहे. आणि पुढच्या आठवड्यात नाळेचे फोटो घेऊन मी रेवदंड्याला निघालेय, खाडीकाठच्या म्हाताऱ्या नाखवांना दाखवायला. होडी बांधणाऱ्याचा हात नाळेच्या वळणावरून ओळखता येतो, असं काका सांगतात.

काल रात्री दहाला त्यांचाच फोन. सडकं लाकूड म्हणणारे हेच ते! "ताई, नाळेखालचा खिळा काढला. गोल नाही, चौकोनी आहे. हाताने घडवलेला. बाकीचे काढत नाही, तुम्ही या आधी."