मिरगाआधीची वाट

शिमग्याला गावी गेलेली आणि मिरगाआधी परतणारी जोडपी बदलापूर-अंबरनाथच्या बहुतेक प्रत्येक सोसायटीत सापडतात. दोघेही साठी ओलांडलेली, मुले आपापल्या नोकऱ्यांत, नोकरीची वर्षे लोकलमध्ये किंवा अंबरनाथच्या आयुध निर्माणीत गेलेली. गाव गुहागर तालुक्यातले, माडांपलीकडे समुद्र दिसणारे. चाकरमान्याच्या बोलण्यात तिथल्या कौलारू वास्तूला ‘गावचे घर’ म्हणतात आणि बदलापूरच्या दोन खोल्यांना नुसतेच ‘घर’. परतीचा प्रवास या दोन शब्दांमधला असतो.

निघायचा दिवस पाऊस ठरवतो. नैऋत्य मोसमी वारे साधारण 1 जूनला केरळात आणि 11 जूनला मुंबईत पोचतात. मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकल्या जातात आणि सकाळी कोळणीची हाक ऐकू येईनाशी होते. तोवर घर शाकारून झालेले असते. पावसाची झड पडवीत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या बाजूला झापांचा आडोसा बांधला जातो. पंप बंद, विजेचे मुख्य बटण खाली. एक किल्ली शेजारी, दुसरी सोबत.

या परतीला गाडीच का लागते, याचे उत्तर आगोट या शब्दात आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. रेल्वेच्या गर्दीत ती झेपत नाही. डिकी भरणे हे शास्त्र आहे आणि ते बहुधा बाईच्या हातात असते. सर्वांत खाली सोललेले नारळ आणि उकड्या तांदळाची गोणी, त्यावर कुळथाचे पीठ, आठळ्या, फणसपोळी. सोडे आणि सुके बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत, कारण तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर काचा लावून जायचे असते. आमसुले कागदात. आंब्याच्या पेट्या सर्वांत वर. आंबा पुरा पिकलेला घेत नाहीत, चौदा आणे तयार झालेला घेतात. उरलेले दोन आणे तो घरच्या अढीत, पेंढ्याच्या उबेत भरून काढतो. कोकमाचे आगळ मात्र डिकीत जात नाही. “अहो, बाटली आडवी करू नका,” एवढे सांगून ती पायांशी उभी ठेवली जाते आणि बदलापूरपर्यंत तशीच येते.

गाडी पहाटे निघते. चिपळूणला वाशिष्ठी ओलांडली, परशुराम घाट चढला की समुद्राचा खारा वारा मागे राहिलेला असतो. पुढे लोटे, खेड आणि कशेडी. जुन्या कशेडी घाटात वळणांवर पाऊण तास जाई. आता बोगद्याने तो मार्ग काही मिनिटांवर आला आहे. पनवेल ते इंदापूर या पट्ट्याच्या चौपदरीकरणाचे काम मात्र 2011 मध्ये सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रेंगाळले, म्हणून प्रवासाचा हिशेब आजही किलोमीटरपेक्षा तासांत केला जातो.

महाडजवळ सावित्रीच्या पुलावर गाडीतले बोलणे थांबते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यासोबत दोन एसटी बस आणि इतर वाहनेही गेली. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. मे महिन्यात त्याखालची नदी खडकांतून जेमतेम वाट काढत असते. ‘पावसाआधी निघा’ या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याचा अर्थ त्या पुलावर सगळ्यात स्पष्ट कळतो.

माणगाव, कोलाड, नागोठणे मागे पडतात. वडखळला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात; डिकीत जागा नसली तरी एक माळ घेतली जाते आणि ती सीटच्या पाठीला अडकते. पेणला पोह्यांचे पापड. मग कर्नाळ्याचा सुळका दिसला की प्रवास संपत आल्याचे समजते. पनवेलहून तळोजा, खोणी असा रस्ता नेवाळी नाक्याला येतो. उजवीकडे मलंगगडाची रांग असते.

नेवाळीच्या पलीकडे उल्हासनगर आहे, आणि तिथे समुद्रावरून येण्याचा अर्थ वेगळा. फाळणीनंतर कराचीहून जहाजांनी आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. वस्त्यांची नावे अजून कॅम्प नंबरांनीच घेतली जातात. त्या कुटुंबांनीही घरांना कुलपे लावली होती. ती पुन्हा उघडायला कोणी गेले नाही.

अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर आहे, त्यावरच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, असा काळ आहे. शिलाहार उत्तर कोकणाचे राजे. त्या हिशेबाने हे जोडपे दिवसभर प्रवास करून कोकणातून कोकणातच आलेले असते. बदलापूरच्या कडेने वाहणारी उल्हास नदीही शेवटी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रालाच मिळते.

घर उघडले की आधी खिडक्या, मग अढी. आंबे पेंढ्यात लागतात, सोड्यांचा डबा माळ्यावर जातो. नाक्यावर आदिवासी बायका टोपल्यांत जांभळे घेऊन बसलेल्या असतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या बदलापुरी जांभळाचा हंगाम हापूस संपता संपता सुरू होतो. पुढच्या आठवड्या-पंधरवड्यात पाऊस मागोमाग येऊन पोचतो. आगळाची बाटली तोवर फ्रिजमध्ये उभी असते. गावच्या घराची किल्ली दाराआडच्या खिळ्यावर अडकवलेली असते. ती खाली उतरते गणपतीला.