घरातला ग्रंथ

लेखनाचा विषय दूरच शोधावा लागतो असे नाही. पुष्कळदा तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत दडलेला असतो. मात्र त्यांना वेळीच बोलते करावे लागते.

दामोदर रुंजाजी जाधव हे नाशिक जिल्ह्यातील ओझरचे. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या या माणसाने मुंबईत कष्ट करून संसार उभारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर श्रद्धा ठेवून मुलांना शिकवले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र जुजबीच राहिले. निवृत्तीनंतर अर्थतज्ज्ञ पुत्र नरेंद्र जाधव यांनी त्यांना आठवणी लिहिण्याचा आग्रह केला. आयुष्यभर राबलेल्या हातांनी लेखणी धरली आणि जसे घडले तसे साध्या शब्दांत उतरवले. त्या लेखनाच्या आधारे १९९३ साली 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक भाषांत पोहोचले. मुलाने विचारलेच नसते, तर एका पिढीचा हा अनुभव अबोलच राहिला असता.

आप्तांविषयी लिहिताना मनात माया असावी. पण मायेपोटी दुःख झाकू नये, की अपमान सौम्य करू नये. त्यासाठी आधी नीट ऐकावे लागते. घरातील वृद्धांजवळ वही घेऊन बसणे, ही लेखनाची पहिली पायरी होय. तिला पदवी लागत नाही.