भाडे उतरले तेव्हा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आलो. सफर चांगली झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण हा लेख सफरीच्या वर्णनाचा नाही. निघायच्या वीस दिवस आधी पैशावरून आमच्या घरात जे घडले, ते सांगण्यासाठी लिहायला बसलो आहोत. आजकाल आपल्यातली बरीच कुटुंबे उमऱ्याची, विमानाची, जहाजाची तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढतात. आमची चूक त्यांच्या उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.

जहाजाची हौस अम्मींची. त्यांचे माहेर हर्णै. त्यांचे अब्बा, म्हणजे आमचे नाना, मालवाहू जहाजावर खलाशी होते. अम्मी लहानपणी हर्णैहून आगबोटीने मुंबईला जात. आगबोट धक्क्याला लागत नसे, दूर समुद्रात उभी राही. माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात आणि खलाशी हात धरून वर ओढून घेत. पुढे रस्ते झाले, एसटी आली, आगबोट बंद पडली. “एकदा पुन्हा जहाजात बसायचंय,” हे अम्मी गेली कित्येक वर्षे म्हणत होत्या. आता त्यांची सत्तरी उलटली आहे. गुडघे साथ देत नाहीत. आणखी थांबण्यात अर्थ नव्हता.

दोन वर्षे भिशी भरली. अर्धा खर्च आमचा, अर्धा धाकट्या भावाचा, असे ठरले. मुंबई-लक्षद्वीप सफरीच्या तीन केबिन घेतल्या: एकीत अम्मी आणि आमची मुलगी, एकीत आम्ही दोघे, एकीत भाऊ आणि भाभी. दोघांच्या एका केबिनचे सगळे कर धरून ७८,००० रुपये. तिन्हींचे मिळून २,३४,००० झाले. ऑगस्टमध्येच आम्ही सगळी रक्कम भरून टाकली. बुकिंग करून दिले ते आमच्या खालाजाद भावाने. खेडला त्याचे छोटे ट्रॅव्हल ऑफिस आहे. अम्मींना जिने चढावे लागू नयेत म्हणून त्याने तिन्ही केबिन एकाच मजल्यावर, लिफ्टजवळ मागून घेतल्या. जेवण हलाल मिळेल का, हेही कंपनीकडून लेखी मागवले. आम्ही निर्धास्त झालो.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री भाच्याने मोबाइल पुढे केला. तेच जहाज, तीच तारीख, आणि भाडे ‘माणशी ३०,००० पासून’. आमचे माणशी ३९,००० गेले होते. सहा माणसांचे ५४,००० रुपये! आम्ही दोघेही शाळेत भाषा शिकवणारे, उर्दू आणि मराठी. हिशेबात कच्चे. पण हा गुणाकार आम्हाला लगेच जमला.

धाकटा भाऊ म्हणाला, “आपल्याच माणसाने मधले खाल्ले असणार. नाहीतर एवढा फरक पडेल कसा?” भाभी म्हणाल्या, “नात्यात व्यवहार करू नये म्हणतात ते उगाच नाही.” आम्ही त्यांना थांबवायला हवे होते. थांबवले नाही. उलट रात्री अकरा वाजता खालाजाद भावाला मेसेज पाठवला: “जहाजाचे भाडे ३०,००० आहे. आमच्याकडून ३९,००० घेतले. हिशेब दे.” सलाम नाही, दुआ नाही. मेसेज वाचला गेल्याची निळी खूण दिसली. उत्तर आले नाही. न आलेल्या उत्तरालाही आम्ही चोरीचा पुरावा मानले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खेडहून दापोलीला आला. त्याने फाइल उघडून आमच्यापुढे ठेवली. कंपनीची पावती आमच्याच नावाची होती, २,३४,००० ची. त्याने आमच्याकडून एक रुपयाही वर घेतला नव्हता. त्याचे कमिशन कंपनी त्याला वेगळे देते आणि ते किती, हेही त्याने न विचारता सांगितले. मग म्हणाला, “फरक मी माझ्या खिशातून देतो. पण माझ्यावर शक घेऊ नका.”

आम्हाला त्याच्याकडे बघवेना. अम्मी इतका वेळ तसबीह घेऊन गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाडं उतरलं म्हणून माणसांनीही उतरायचं का?”

आम्ही त्याची माफी मागितली. धाकट्या भावालाही मागायला लावली. त्याच्या खिशातला पैसा अर्थातच घेतला नाही. पण त्या रात्री जेवायला तो थांबला नाही. चार दिवसांनी आम्ही मिठाई घेऊन खेडला त्याच्या घरी गेलो, मुलाबाळांसमोर पुन्हा बोललो, तेव्हा कुठे तो पहिल्यासारखा हसला. एका मेसेजला दहा सेकंद लागले होते. तो पुसायला आठवडा लागला.

त्या चार दिवसांत भाडे उतरते कसे, हे आम्ही त्याच्याकडूनच समजून घेतले. जहाज निघाले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. जहाज निम्मे भरले तरी डिझेल, खलाशांचा पगार, बंदराचा खर्च फारसा कमी होत नाही. त्यामुळे कंपनी भाडे सारखे वर-खाली करते. बाकी रक्कम भरण्याची शेवटची तारीख उलटली की कोण खरोखर येणार आणि कोण माघार घेणार, हे कंपनीला कळते. ज्या केबिन उरतात त्या मग स्वस्तात काढल्या जातात. म्हणून पूर्ण पैसे भरल्यावर भाडे उतरलेले दिसणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यात एजंटाचा हात असायलाच हवा, असे तर मुळीच नाही. मागणी वाढली तर ते चढतेही. चढले असते तर कंपनी आमच्या दारात फरक मागायला आली नसती, हेही ध्यानात घ्यायला हवे.

मग आम्ही चौघे कागद-पेन्सिल घेऊन नीट बसलो. जाहिरातीतल्या माणशी ३०,००० मध्ये कर, बंदराचे शुल्क आणि जहाजावरचा सेवा आकार धरलेला नव्हता. ते धरल्यावर केबिन ६०,००० ची नव्हे, ६७,५०० ची झाली. म्हणजे खरा फरक केबिनमागे १०,५०० आणि तिन्हींचा ३१,५००. ५४,००० नव्हे. शिवाय त्या भाड्यात केबिन निवडता येत नव्हती. कंपनी देईल ती घ्यायची, मजला कोणताही.

धाकट्या भावाने सुचवले, “आपले तिकीट रद्द करू आणि नव्या भाड्याने घेऊ.” आमच्या बुकिंगच्या अटी वाचल्या. इतक्या उशिरा रद्द केले तर निम्मी रक्कम कापली जाणार होती, केबिनमागे ३९,०००. तीन केबिनचे १,१७,००० बुडवून ३१,५०० वाचवायचे! त्या रात्री रागाच्या भरात आम्ही रद्दचे बटण दाबले असते तर ८५,५०० रुपयांचा खड्डा पडला असता.

राहिला मार्ग विनंतीचा. फिक्हच्या किताबांत ‘इकाला’ म्हणून एक शब्द आहे. झालेला सौदा दोन्ही बाजूंच्या रजामंदीने मागे घेणे, असा त्याचा अर्थ. विकणाऱ्यावर त्याची सक्ती नाही. पण सौद्याचा पस्तावा झालेल्या माणसाची अडचण ओळखून सौदा परत घेणे, हे नेकीचे काम मानले आहे. आम्हाला यातून एवढे समजले की मागण्यात कमीपणा नाही आणि नाही म्हणणारा गुन्हेगार नाही. आमचा सौदा राजीखुशीने झाला होता. आम्ही कंपनीचे देणेकरी नव्हतो, तशी कंपनीही आमची नव्हती.

बुकिंग एजंटामार्फत झाले असले की बदलाची मागणीही त्याच्यामार्फतच करावी लागते. खालाजाद भावाने कंपनीला ईमेल लिहिली. भाषा आमची, माहिती त्याची. बुकिंग क्रमांक, भरलेली रक्कम, आजचे भाडे आणि त्या जाहिरातीचा तारखेसह फोटो, एवढेच लिहिले. रागाचा शब्द घातला नाही. शेवटी विचारले, “फरक परत देता येत नसेल तर त्याऐवजी काही सवलत मिळेल का?”

तीन दिवसांनी उत्तर आले. पैसे परत मिळणार नाहीत. मात्र दोन पर्याय होते. एक, त्याच पैशांत समुद्राकडे खिडकी असलेल्या केबिन. दुसरा, केबिनमागे ५,००० रुपये जहाजावर खर्च करण्यासाठी. ते सफरीतच वापरायचे, नाहीतर बुडाले.

खिडकीचा मोह पडला. पण त्या केबिन वेगवेगळ्या मजल्यांवर होत्या आणि लिफ्टपासून लांब. अम्मी म्हणाल्या, “खिडकी कशाला? दर्या बघायला मी वर जाईन. तुम्ही जवळ असा.” आम्ही दुसरा पर्याय घेतला. अगत्ती बेटावर उतरून फिरण्याचे पैसे वेगळे होते, माणशी २,५००. सहा जणांचे १५,००० होत होते. मिळालेली रक्कम तेवढीच. हिशेब तिथेच जुळला.

जहाजावर जेवणाच्या टेबलाशी एक कुटुंब भेटले. त्यांनी निघायच्या पाच दिवस आधी तिकीट काढले होते आणि आमच्यापेक्षा बरेच स्वस्तात. क्षणभर पुन्हा पोटात कालवले, खोटे कशाला बोला. मग कळले की त्यांचे वडील वरच्या मजल्यावर एकटे होते आणि बाकीचे दोन मजले खाली. रात्री त्यांचा मुलगा दोनदा उठून बापाला बघायला जात असे. त्यांनी कमी पैसे दिले आणि कमी घेतले. आम्ही जास्त दिले, पण अम्मींच्या केबिनच्या भिंतीवर टकटक केली की आतून टकटक येत होती. आगबोटीत सगळ्या डेकचे भाडे एकच असायचे, असे अम्मी सांगतात. आता शेजारी बसलेल्या दोघांचे भाडे एक असेलच, असे नाही. ही रीत आवडो न आवडो, तिच्यापायी रोजची झोप घालवण्यात मतलब नाही.

अगत्तीला जहाज धक्क्याला लागले नाही. दूर उभे राहिले. समुद्र खवळलेला असेल तर उतरता येणार नाही, हे आधीच सांगितले होते. सुदैवाने पाणी शांत होते. खाली लहान बोट आली. दोन खलाशांनी अम्मींचे हात धरून त्यांना बोटीत घेतले. बसल्यावर त्या किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तर आपलं हर्णैच.” बेटावर लोक मल्याळम बोलतात, आम्हाला एक शब्द कळेना. पण सलाम केला की सलाम आला. एका म्हातारीने अम्मींना आपल्या ओट्यावर बसवून शहाळे दिले आणि पैसे घेतले नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, अशी वेळ तुमच्यावर आली तर आमच्या अनुभवातून एवढे घ्या. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: बाकी रक्कम भरण्याची शेवटची तारीख, रद्द केल्यास कोणत्या दिवशी किती कापणार, आणि भाडे उतरल्यास काही मिळते का. शेवटची तारीख येईपर्यंत भाडे अधूनमधून बघत राहा, कारण तोपर्यंत बदल करून घेणे सोपे असते. आम्ही कुणाचे देणे अंगावर नको म्हणून सगळे आधीच भरले. नियत चांगली होती, पण थांबलो असतो तरी चालले असते. पूर्ण पैसे भरल्यावर भाडे उतरलेले दिसले तर सगळे कर धरून, त्याच प्रकारच्या केबिनची तुलना करा. मग सभ्य भाषेत लेखी विनंती करा आणि पैसे नसतील तर सवलत मागा. नुसते भाडे उतरणे ही फसवणूक नव्हे. पण ठरल्यापेक्षा जास्त घेतले किंवा अटीप्रमाणे परत देण्याचे पैसे अडवले, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो जरूर वापरा.

आणि आपल्या माणसाला मेसेज पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. पाठवायचाच झाला तर आधी सलाम लिहा. पुढच्या सुट्टीत भाभींच्या अम्मींना उमऱ्याला पाठवायचे चालले आहे. बुकिंग त्याच खालाजाद भावाकडे द्यायचे ठरले आहे. हे भाभींनीच सुचवले.