चारशे पिक्सेल

हॉस्टेलवर प्रत्येकाला एक खातं मिळतं. कुणाकडे इस्त्री, कुणाकडे सबमिशनच्या फाईली, कुणाकडे रात्री दोनला मॅगी. माझ्याकडे आलं ‘फोटो छोटा करून दे’ हे खातं. लॅपटॉपवर इरफानव्ह्यू टाकलेलं होतं, एवढंच माझं क्वालिफिकेशन! कंट्रोल-आर दाबलं की साईझ बदला, कंट्रोल-वाय दाबलं की नको ते कापा.

आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, तोही २० ते ५० केबीमध्ये. सही १४० बाय ६०, १० ते २० केबीत. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता दारावर थाप पडणार हे ठरलेलं. “अरे, फोटो ५२ केबी होतोय, दोन केबी काढ ना!” जणू आमटीत मीठ जास्त पडलंय. तरी सांगतो, या धंद्यात मान होता. एक फोटो, एक चहा.

आपल्याकडे रिसाईझ आणि क्रॉप हे एकच समजतात. दोन्ही वेगळं. ६००० बाय ४००० चा फोटो ६०० बाय ४०० केला तर दर शंभर पिक्सेलांचा मिळून एक होतो. चित्र सगळं राहतं, बारकावे जातात. क्रॉपमध्ये मात्र जे राहतं ते जसंच्या तसं राहतं, आणि जे जातं ते पूर्ण जातं. म्हणजे रिसाईझमध्ये सगळ्यांचं थोडं थोडं जातं, क्रॉपमध्ये एकाचं सगळं. (हे व्हायवाला सुचलं असतं तर काय पाहिजे होतं!)

तर २०२४ च्या अंकासाठी मॅगझिन कमिटीने मला धरलं. हॉस्टेलचा ग्रुप फोटो पानावर बसवून द्यायचा होता. पायऱ्यांवर तीन रांगा, साठ-पासष्ट पोरं, डाव्या टोकाला रेक्टर सर. मित्राच्या कॅमेऱ्यातला ६००० बाय ४००० चा झकास फोटो. पानावर जागा होती ७ इंच बाय ५ इंच. छापायला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे २१०० बाय १५०० पुरे. पण फोटोचं प्रमाण तीनास दोन आणि चौकटीचं सातास पाच. जुळेना. ४००० उंचीला ५६०० रुंदी लागते. म्हणजे ४०० पिक्सेल जास्त. कुठल्या तरी बाजूने कापायचे.

डावीकडून कापले असते तर रेक्टर सर गेले असते. उजव्या टोकाला, रांगेपासून जरा अंतर राखून, मेसचे काका उभे होते.

खरं सांगायचं तर मला दोन सेकंदही लागले नाहीत. उजवीकडून ४००, मग रिसाईझ, मग कंट्रोल-एस. त्याच फाईलवर. रात्रीचे दीड वाजले होते, सकाळी पेपर होता, वगैरे वगैरे. कारणं भरपूर आहेत.

अंक आला त्या दिवशी जेवणाच्या वेळी काका हात पुसत टेबलापाशी आले. “आमचा फोटु आलाय म्हणं?” त्या दिवशी त्यांनी एप्रन काढून मुद्दाम इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, ते मला तेव्हा आठवलं. अंक त्यांच्या हातात दिला. पान उघडून त्यांनी रांगेवरून बोट फिरवत नेलं. मधे एकेकाला ओळखून नावं घेतली. बोट उजव्या काठाला येऊन थांबलं. तिथे पांढऱ्या शर्टाची एक बाही उरली होती, कोपरापर्यंत.

“ही बाही माझीच की रं!” म्हणाले आणि हसले. “असू दे. बाही तरी आली.” आणि पोळ्या आणायला आत गेले. नंतर कळलं, लेकीला फोन करून सांगितलं होतं, पुस्तकात फोटो येणार म्हणून.

मी मूळ फाईल शोधायला लागलो. मित्राच्या कॅमेऱ्याचं कार्ड गॅदरिंगच्या आधी फॉरमॅट झालेलं. ड्राईव्हवर माझीच कापलेली प्रत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही तीच, अजून लहान होऊन. मग एका रात्री फाईलच्या आतली माहिती चाळताना एक गंमत सापडली. कॅमेरा प्रत्येक जेपेगमध्ये १६० बाय १२० ची एक चिमुकली प्रत लपवून ठेवतो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पटकन दाखवायला. ती कापताना बदलली गेलीच नव्हती! त्यात अख्खा फोटो होता. उजव्या टोकाला काकाही होते. चेहरा दोन पिक्सेल रुंद, तीन पिक्सेल उंच.

सहा पिक्सेल. बायक्युबिकने मोठा करून पाहिला. तो प्रकार आजूबाजूच्या सोळा पिक्सेलांवरून मधलं काय असेल याचा अंदाज बांधतो. अंदाज चांगला असतो, पण हाताशी सहाच असले तर तो तरी काय करणार? गव्हाळ रंगाचा डाग आला. मग एका एआयवाल्या सॉफ्टवेअरला दिला. त्याने लगेच चेहरा काढून दिला. छान, गुळगुळीत, मिशीवाला माणूस. आपले काका नव्हते ते. त्यांना मिशी नाही.

शेवटी कबूल केलं. म्हटलं, काका, चुकलं माझं, चला आत्ता तुमचा एकट्याचा फोटो काढतो, मोठा करून देतो. ते भांड्यावर झाकण ठेवत म्हणाले, “एकट्याचा काय करायचा? आधार कार्डावर हाय की. तुमच्यात हुबा होतो, ते पायजे होतं.” फायनल इयरची बॅच तोवर गेली होती. ती पोरं पुन्हा त्या पायऱ्यांवर येणार नव्हती.

हिशोब नंतर केला. न कापता तो फोटो ७ इंच रुंद बसवला असता तर उंची ४.६७ इंच भरली असती. खाली इंचाची एक तृतीयांश पट्टी कोरी राहिली असती, बस. तिथे फोटोखालची ओळ बसली असती.

यंदाचा ग्रुप फोटो याच अंकात आहे. या वेळी मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवली आहे. काकांना मधे या म्हणून खूप आग्रह केला, ऐकले नाहीत. उजव्या टोकालाच उभे आहेत, जरा अंतर राखून. पानं लावणाऱ्याने फोन केला होता, खाली पांढरी पट्टी राहतेय, थोडं कापून भरून घेऊ का? म्हटलं, नको, राहू द्या.