आत्या, थेंब बंद करू नकोस

ती. आत्यास,

तू पाठवलेली बातमी वाचली. ब-३ जीवनसत्त्व घेतलं की काचबिंदूत डोळ्याची नस वाचते, असं त्यात म्हटलंय. खाली तुझा प्रश्न : ‘मग हे चुरचुरणारे थेंब बंद करू का? डोळ्याचं प्रेशर तर १४च आहे.’ हाच प्रश्न मला दवाखान्यात रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सगळ्यांनाच वाचता येईल असं लिहितेय.

डोळ्याच्या पडद्याच्या आतल्या थरात साधारण १० लाख चेतापेशी असतात. प्रत्येकीचा एक बारीक तंतू निघतो. हे सगळे तंतू जेमतेम दीड मिलिमीटरच्या चकतीपाशी गोळा होतात, वळतात आणि एका जाळीतून पार होऊन मेंदूकडे जातात. ही तुझी नस. काचबिंदूचा मार बसतो तो या जाळीत. तिथे तंतू चेपतात, रक्त कमी पडतं, मेंदूकडून पेशीपर्यंत येणारं पोषण वाटेतच अडतं. पेशी काही लगेच मरत नाही. बराच काळ आजारी अवस्थेत तग धरते आणि शेवटी आपणहून मोडते. एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. म्हणून सगळी धडपड त्या तग धरून असलेल्या पेशींसाठी चाललेली असते.

बातमी खोटी नाही. २०१७मध्ये ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेचं काम छापून आलं. वयाबरोबर या पेशींमधलं ऊर्जेसाठी लागणारं एक द्रव्य घटतं, ते ब-३च्या एका रूपाने भरून निघालं आणि काचबिंदू होणाऱ्या उंदरांच्या नसा टिकल्या. कमी मात्रेत तर डोळ्यातला दाब न उतरताही टिकल्या! मला स्वतःला हे वाचून फार आनंद झाला होता. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांतही आशा दिसली आहे. पण त्या चाचण्यांत रोज काही ग्रॅम औषध देतात, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. इतकी मात्रा यकृताला बाधू शकते. दुकानातून आणून मनाने घ्यायची ही गोळी नव्हे.

शिवाय मेमँटिनचं काय झालं तेही ऐक. स्मृतिभ्रंशावरचं हे औषध माकडांच्या डोळ्यांत नस वाचवताना दिसलं होतं. मग दोन हजारांहून जास्त रुग्णांवर चार वर्षं चाचण्या झाल्या. निकाल २०१८मध्ये छापून आले : दृष्टीचं नुकसान थांबलं नाही. उंदीर-माकडांपासून माणसापर्यंतची ही वाट अशी लांब आहे आणि तेवढा वेळ तुझ्या पेशी थांबणार नाहीत.

आज पेशी वाचवण्याचा सिद्ध झालेला मार्ग एकच, दाब उतरवणं. तुझा १४ हा थेंब घालून आलेला १४ आहे. आणि समजा मुळातच तेवढा असता, तरी? ज्यांचा दाब ‘नॉर्मल’ असूनही नस सुकत होती, अशांचा अभ्यास १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्यांपैकी १२ टक्के डोळ्यांत नुकसान वाढलं, उपचार न दिलेल्यांत ३५ टक्के.

तुला पेपर नीट वाचता येतो, हे मला माहीत आहे. मधली नजर शेवटपर्यंत साथ देते, कडेची आधी जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. दवाखान्यात मी रुग्णाला कडेची नजर तपासणाऱ्या फील्ड टेस्टला बसवते, हनुवटी टेकवून एक डोळा झाकते. दिवा लुकलुकतो आणि समोरच्याच्या हातातलं बटण दाबलंच जात नाही. त्याला वाटत असतं, दिवा लागलाच नाही.

चुरचुरण्यावर उपाय आहेत. थेंब बदलून मिळतात, लेझर आहे. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब सोड, डोळा मीट आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धर, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब असेल तर तो पाच मिनिटांनी. आणि अंगाला खाज सुटली म्हणून तू जे स्टेरॉइडचं मलम लावतेस, तेही डॉक्टरांना दाखव. त्यानेही दाब वाढू शकतो.

सख्ख्या भावंडांना हा आजार होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते. बाबांची तपासणी मी करून घेतली, नस ठीक आहे. नानाकाका मात्र ‘मला नीट दिसतं’ म्हणून टाळतोय. माझं तो ऐकत नाही. तू थोरली आहेस, त्याला या आठवड्यात तूच घेऊन जा.

तुझी,
छकुली