नवा कोरा दोर

पार्सल आलं तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी पोचले तर काकूनं ते जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठेवलेलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात रिकामी सपाट जागा म्हणजे तेवढीच. मी चप्पल न काढताच खोकं उचललं, तशी काकू म्हणाली, "अगं, सोनं भरलंय का त्यात?"

सोनं असतं तर एवढी घाई केली नसती. गिर्यारोहणाचा दोर, कमरेचा हार्नेस, स्लिंग म्हणजे पट्टीचे शिवलेले फास, हे सगळं नायलॉनचं किंवा त्याच जातीच्या धाग्यांचं, आणि बॅटरीतलं ॲसिड हा नायलॉनचा वैरी. दोराला नुसती वाफ लागली तरी तो आतून कुजतो, आणि वरून मात्र रंगाला धक्का लागलेला दिसेलच असं नाही. खोक्याचा तळ कोरडा होता, चिकटपट्टी शाबूत होती. वास घेऊन पाहिला, मग ते वरच्या खोलीत नेलं.

कॉलेजच्या मुलामुलींना मी प्रस्तरारोहण शिकवते. सराव कृत्रिम भिंतीवर, आणि थंडीत सह्याद्रीत एखादी सहल. डोळ्यांसमोर आख्खा ग्वाल्हेरचा किल्ला उभा असताना भिंतीवर का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्याच्या कड्यावर मेखा ठोकणं सोडाच, दोर लावणंही बरं नव्हे. तिथली गाजलेली चढाई १७८० सालची. ऑगस्टमधल्या एका रात्री इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमची माणसं लाकडी आणि दोराच्या शिड्या लावून वर गेली आणि मराठ्यांच्या हातून किल्ला गेला. आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले जोडे दिले होते. इथल्या मराठी घरांत हा विषय कुणी आवडीनं काढत नाही. मला मात्र राहून राहून वाटतं, निघण्यापूर्वी त्या शिड्यांच्या गाठी ओढून कुणी पाहिल्या असतील? त्याचं नाव काही कुठे वाचलं नाही.

रविवारी सकाळी मुलं आली आणि गच्चीवर स्वच्छ चादर अंथरून आम्ही माल मांडला. काकूनं चहा आणला आणि म्हणाली, "नवं कोरं आहे, कंपनीनं बघूनच पाठवलं असेल ना?" कंपनी बघतेच, पण नग हजारोंनी निघतात. २०१६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीनं आपल्या काही स्लिंग आणि कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप गेटच्या कड्या, जाहीरपणे परत मागवले होते. स्लिंगची शिवण अपुरी राहिल्याची आणि कॅराबिनरच्या गेटची रिव्हेट नीट बसली नसल्याची शंका होती. अशी जाहीर कबुली देणाऱ्या कंपनीवर माझा विश्वास वाढतो, पण तपासणी काही सुटत नाही.

दोर आधी. नव्या दोराचं वेटोळं तसंच ओढलं तर त्याला पीळ पडतो आणि तो पुढे कितीतरी दिवस छळतो, म्हणून ते दोन हातांवर घेऊन गोल गोल उलगडायचं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा दोर चिमटीतून सरकवायचा. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. बाहेरचं विणलेलं आवरण शाबूत असूनही आतला गाभा एखाद्या जागी दबलेला असला, तर तिथे दोर मऊ किंवा चपटा लागतो. वाकवला की गोलाई न येता तिथेच मोडल्यासारखा दुमडतो. वाट्याला दहा-बारा मीटर आले की मुलं कंटाळून गप्पा मारू लागतात. मी बोलू देत नाही. लांबीही मोजून घ्यायची. दोरावरची मध्याची खूण खरंच मध्यावर आहे का, हे कड्यावरून उतरताना कळून काय उपयोग?

कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेनं, आडव्या दिशेनं आणि गेट उघडं असताना किती भार सोसेल ते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोंचं वजन. लांबीच्या दिशेनं वीसच्या वर असलेला आकडा आडव्या दिशेनं सात-आठवर येतो, हे पाहून मुलांचे चेहरे गंभीर होतात. सीई या सुरक्षा-खुणेशेजारी चार आकडी क्रमांक नसेल तर त्या नगाला आमच्याकडे जागा नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे कॅराबिनरही हुबेहूब तसेच दिसतात. गेट दाबून सोडलं की त्यानं खट्कन बसलं पाहिजे. रेंगाळलं तर बाजूला. धातूला बारीक कुसळ राहिलंय का, हे काकूच्या वातींच्या कापसानं कळतं. कापूस आतल्या कडेवरून फिरवायचा, कुसळ असलं की तंतू अडकतो. तेवढंसं कुसळ दोराचं आवरण दर खेपेला थोडं थोडं खरवडतं.

दोष निघाला तो मात्र स्लिंगमध्ये. लाल पट्टी, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची दाट आडवी शिवण. पट्टीची दोन टोकं या शिवणीनंच जोडलेली असतात, दुसरं काही नाही. आणि नेमकी ती जागा लेबलाच्या रबरी नळीखाली झाकलेली. नळी सरकवत सरकवत एकेक जोड बघत होते. एकीची नळी सरकवली तर शिवणीचे दोन ठोकळे भरगच्च आणि तिसरा अर्ध्यावर थांबलेला. दोऱ्याचं टोक मोकळं, नखानं ओढलं तसे आणखी दोन टाके सुटले. लेबलवर बावीस किलोन्यूटन छापलेले होते. मुलं एकाएकी गप्पा सोडून माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली, आणि तपासून बाजूला ठेवलेल्या स्लिंग कुणी न सांगता पुन्हा उचलल्या.

दिल्लीच्या दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, "मैडम, बाकी पीस तो ठीक हैं ना? इसे वापस भेज दीजिए, बदल देंगे." पाठवते म्हटलं, पण आधी कात्रीनं मधोमध कापून. शाबूत परत गेलेली स्लिंग पुन्हा कुठल्या पार्सलात निघेल याचा नेम नाही. तो म्हणाला, कापलेला माल कंपनी घेत नाही. बराच वेळ आमचं चाललं. शेवटी त्याच्याशी व्हिडिओ कॉल लावून, लेबलवरचा क्रमांक त्याला दाखवून मी ती कापली आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे 'बाद' लिहिलं. बदली स्लिंग आठवड्यानं आली, तिची नळी मुलांनीच सरकवली. कुरिअरचे पैसे मात्र दुकानदारानं आमच्याच खात्यावर लावले, त्यावरून अजून वाद चालू आहे.